कुलपाच्या घरांचे फटके

फुलावर

हरभरा फुलावर आला आणि तिसऱ्यांदा केबल कापली गेली.

कोकिळाबाईने सकाळी विहिरीवर जाऊन स्टार्टरचं बटण दाबलं. मोटार बोलली नाही. पुन्हा दाबलं. मग तिने खाली पाहिलं. विहिरीत उतरणारी काळी केबल काठावर वीतभर उरली होती, टोक असं सफाईने कापलेलं की दुकानदाराने मोजून दिल्यासारखं. शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या बोरीखाली राख होती. साल तिथेच जाळून तांबं तेवढं नेलं होतं. तिने राखेवर हात धरला. कोमट.

तिने आरडाओरडा केला नाही. दोराला बादली बांधली आणि विहिरीलगतचे दोन वाफे शेंदून भिजवले. चार एकरांतले दोन वाफे. बाकीचा हरभरा दुपारी माना टाकून उभा होता.

घरी ओसरीत तिचे यजमान नानाजी बाजेवर बसले होते. दोन वर्षांपूर्वी लकव्याने त्यांची उजवी बाजू नेली होती. जीभ मात्र शाबूत होती.

"कापली?"

"कापली."

"ठेवली काही?"

"वीतभर."

"चांगले आहेत बिचारे. ओळख पटाले ठेवून गेले."

सून मोहिनी चुलीजवळ हसली. मुलगा अंकुश हसला नाही. त्याने जेवण अर्धं टाकलं आणि हात धुतले. "आता गावाले बोलावल्याशिवाय नाई जमत," म्हणाला.

गाव टेंभापूर. हिंगणीच्या जंगलापासून फार लांब नाही. घरं एकूणपन्नास. केबल नेणारी पाच-सहा पोरं तालुक्याकडची होती, दोन गाड्यांवर फिरायची. बाजाराच्या दिवशी रस्त्यात चाकू दाखवून बायांच्या गळ्यातलं ओढायची, इतर दिवशी विहिरी धरायची. लोक त्यांना केबल गँग म्हणत. हे नाव त्यांनाही आवडलं असावं, कारण एकाने ते गाडीच्या मागे रंगवून घेतलं होतं. तक्रारी झाल्या होत्या. धरलेली पोरं महिन्याने सुटून येत आणि ज्याने तक्रार केली त्याची केबल आधी जाई.

नियम

सभा ग्रामपंचायतीपुढच्या उन्हात झाली. बोलणारा नत्थू होता. गावातलं एकुलतं मळणी यंत्र त्याचं, मालवाहू गाडी त्याची, आणि आवाजही त्याचाच मोठा.

"एकानं धरला तं उद्या त्याच एकाचं घर जाळतीन," तो म्हणाला. "म्हणून वयनीचा नियम लावू. घरटी एक."

सगळ्यांनी कोकिळाबाईकडे पाहिलं. तिने पदर नीट केला.

नियम खरंच तिचा होता. चौदा वर्षांपूर्वीचा. जिल्ह्यात दारू कागदावर बंद आणि गावामागच्या नाल्यात मोहाच्या आंबवलेल्या फुलांची, सडव्याची मडकी गळ्यापर्यंत पुरलेली. पहिल्या वेळी कोकिळाबाईने एकटीने चार मडकी फोडली होती. दारूवाल्याने ठाण्यात तिचंच नाव दिलं, आणि दोन दिवस नानाजी ठाण्याच्या बाकावर बसून राहिले. त्या दोन दिवसांत तिने डोकं चालवलं. पुढच्या वेळी महिला मंडळाच्या बाया निघाल्या तेव्हा तिने कोतवाल लहानूला घरपट्टीचं रजिस्टर घेऊन यायला सांगितलं. त्याने एकेक घर पुकारायचं, त्या घरच्या बाईने पुढे येऊन एक फटका मारायचा. एकच. मडकं फुटो न फुटो. दारूवाला पुन्हा ठाण्यात गेला. कोणी फोडलं, विचारल्यावर त्याला गावातली सगळी घरं मोजावी लागली. अर्धी मोजून झाल्यावर तो उठून घरी आला.

तेव्हा एक अडचण आली होती. काही घरांना कुलूप होतं, माणसं बुटीबोरीला, पुण्याला कामाला गेलेली. लहानू रजिस्टरवर बोट ठेवून अडून बसला. "या घराइचं कसं?"

"कुलपाच्या घरांचे मी मारतो," कोकिळाबाई म्हणाली होती. आणि मारले होते. लागोपाठ पाच, एकाच मडक्यावर. बाया हसून हसून खाली बसल्या होत्या.

"काय वयनी," नत्थू म्हणाला, "चालंल ना?"

"चालंल," ती म्हणाली. तिला बरं वाटलं होतं, हे ती पुढे कधी नाकारणार नव्हती.

पहिले दोघं

आठ दिवसांत दोघं सापडले. गावाने त्यांना कोंडवाड्यात आणलं. मोकाट गुरं कोंडायची ती जागा, कितीक वर्षांत तिथे एक ढोर गेलं नव्हतं. लहानूने रजिस्टर वाचलं. घरटी एक, काठीचा, कमरेखाली. कोकिळाबाईच्या घरचा अंकुशने मारला. मग दोघांना ठाण्यात नेऊन दिलं आणि त्यांची गाडी कोंडवाड्यात ठेवून घेतली.

त्या दोघांतला एक जण, लखन नावाचा, बावीस वर्षांचा, फटके खाताना मोजत होता. मोठ्याने. एकतीसपर्यंत त्याने बरोबर मोजले, मग चुकला. पोरं घरोघर हे सांगत फिरली.

केबल कापणं थांबलं. अंकुशने नवीन केबल टाकली, हरभऱ्याला दुसरं पाणी मिळालं, घाटे धरले. कोकिळाबाई पाण्याच्या दांडातून अनवाणी फिरायची तेव्हा चिखल तिच्या बोटांमधून वर यायचा आणि तिला ते आवडायचं. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याखाली तिला नारळ दिला. नत्थूने भाषणात तिला आमच्या कलेक्टरबाई म्हटलं.

"कलेक्टरबाई," नानाजी घरी म्हणाले, "चहाचा हुकूम काढता का?"

मोबाइलवर, गस्तीच्या ग्रुपमध्ये (मोहिनी वाचून दाखवायची)

आज गस्त घर एक ते बारा. काठी आणणे.

हिंगणी रोडवर लाल गाडी थांबवली. दोन पोरं. पाहुणे निघाले. चहा पाजून सोडले.

बकरीचोर सापडला. बकरी त्याचीच निघाली. तरी समज दिली.

शेजारच्या गावाचा फोन आला. तिकडे बोलावून राह्यले. दहा जण चला. काठी नाई, पाइप आणजा.

काल जे दोघं धरले ते पाहुणे होते. माफी मांगतली. एकाचा हात मोडला. खर्च ग्रुपमधून.

फोटो कोणी टाकू नये.

"पाइप काऊन?" कोकिळाबाईने विचारलं.

"काठ्या मोडून राह्यल्या म्हणते," मोहिनी म्हणाली.

कोकिळाबाई तांदूळ निवडत होती. ती खडे बाजूला ठेवत राहिली.

कोंडवाडा

फरदडीचा, हंगामानंतरचा कापूस उरला होता. अंकुश आधीचा माल घेऊन जिनिंगला गेला होता, म्हणून कोकिळाबाई आणि मोहिनी दोघीच ओट्या बांधून वेचत होत्या. सकाळचे अकरा झाले असतील. धुऱ्यावर लहानू दिसला. तो धावत आला होता. त्याच्या वयाला धावणं शोभत नव्हतं आणि झेपतही नव्हतं.

"कोकिळाबाई, चल. तुह्या घरचा राह्यला."

"काय राह्यला?"

"फटका. तो लखन आला. दिवसाढवळ्या! म्हणते, गाडी न्यायले आलो. काल नत्थूभाऊची केबल गेली अन् आज हा पाहाले आला. दुसऱ्यांदा सापडला."

"अंकुश नाई घरी."

"म्हणून तं तुले बोलावलं. नानाजीले आनू का बाजेवर बसवून?"

मोहिनी म्हणाली, "आई, नका जाऊ." मग थांबून म्हणाली, "नाईतर सांगा ना, आमचा सोडून द्या म्हणून."

"घरटी एक म्हणलं तं घरटी एक," लहानू म्हणाला. तो हे रागाने म्हणाला नाही. घरपट्टीची आठवण द्यायला आला असता तर याच आवाजात बोलला असता.

कोकिळाबाई ओटी न सोडताच निघाली. रस्ताभर पोटावर कापसाचा फुगारा होता आणि पळाटीच्या काड्या पायाला लागत होत्या. ती विचार करत होती की मडक्यांच्या वेळी दुसऱ्यांदा सापडल्यावर काय करायचं ठरलं होतं. मडक्याबरोबर चूलही फोडायची, असं. तेही तिनेच ठरवलं होतं.

कोंडवाड्याच्या आत माणसं भिंतीला टेकून होती. ज्यांचा फटका झाला होता ते एका बाजूला, ज्यांचा राहिला ते दुसऱ्या बाजूला. राहिलेल्यांत कोणी नव्हतं. मधे लखन पालथा होता, त्याची चप्पल दूर पडली होती. त्याच्या गाडीवर पालापाचोळा साचला होता आणि तिच्या सीटवर लहानूचं रजिस्टर ठेवलेलं होतं. लहानूने ते उचललं.

"कुलपाची घरं चालू आहेत," नत्थू तिला म्हणाला, जणू जेवणाची पंगत अर्ध्यावर होती. "थांब थोडी."

लहानूने वाचलं. घर एकोणचाळीस. कुलूप.

नत्थूचा मुलगा प्रणय पुढे झाला. त्याच्या हातात मोटार काढायचा पाइप होता, दीड इंची, एका टोकाला आटे असलेला. त्याने मारला. पाठीवर, वर.

घर त्रेचाळीस. कुलूप.

त्याने मारला.

घर सत्तेचाळीस. कुलूप.

त्याने मारला, आणि दंडाने कपाळ पुसलं. कोकिळाबाईने त्याचा चेहरा पाहिला. त्यावर राग नव्हता. वाटणीला आलेलं काम तो पुरं करत होता. हाच पोरगा दोन वर्षांपूर्वी नानाजीला लकवा आला त्या पावसात मालवाहू घेऊन आला होता, त्याने नानाजीला लेकरासारखं उचलून गाडीत ठेवलं होतं आणि दवाखान्याच्या पायरीवर तीन दिवस झोपला होता.

"सातही झाले," लहानूने हिशेब सांगितला. "आता घर सव्वीस. नानाजीचं."

कोणीतरी तिच्या हातात काठी दिली. ती लखनच्या पायांशी उभी राहिली. त्याच्या पोटऱ्या बारीक होत्या, एका टाचेला भेग होती. बैल वळवताना मारावा तेवढा फटका तिने पोटरीवर मारला.

"लागला," लहानू म्हणाला आणि रजिस्टरवर खूण केली.

लखनने मान किंचित वळवली. त्याचा गाल मातीत होता. "मावशी, पानी."

"थांब बापू. आनलंच."

ती निघाली. शाळेजवळच्या हापशीवर तांब्या नव्हता, म्हणून घरापर्यंत गेली. तांब्या घासलेला नव्हता, तो घासला. नंतर कितीतरी दिवस ती या घासण्याचा हिशेब करत होती. भरून परत आली तेव्हा कोंडवाड्याचं फाटक लागलेलं होतं आणि आत कोणी नव्हतं.

"दवाखान्यात नेला गाडीत टाकून," बाहेर एक जण म्हणाला.

ती तांब्या घेऊन घरी आली. नानाजींनी पाणी मागितलं. तिने तेच दिलं.

लखन रस्त्यातच गेला.

एक वाक्य

पोलिसांच्या दोन गाड्या आल्या, गेल्या. कोंडवाड्यातली माती पिशव्यांत भरून नेली. कोणी मारलं, असं विचारलं की गाव म्हणे, गावानं मारलं. सगळ्यांनाच धरा म्हणे. नत्थूने घरोघर जाऊन एक वाक्य दिलं: आमच्या घरचा एक, काठीचा, हलका. याच्या पुढे नाही, मागे नाही. पाइप नाल्याच्या डोहात गेला होता. कुलपाच्या घरांविषयी बोलायचंच नव्हतं. ती घरं बंदच होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत तो कोकिळाबाईच्या ओसरीत आला. नानाजींच्या बाजेवर बसला, त्यांच्या लुळ्या हातावर सहज हात ठेवला.

"हरभरा कधी काढता?"

"घाटे वाळले की," नानाजी म्हणाले.

"सांगजा. पयलं यंत्र तुमच्या वावरात लावीन." मग तो कोकिळाबाईकडे वळला. "वयनी, नियम तुहा आहे म्हणून गाव वाचलं. नाईतर आज दोन-चार पोरं जलमाची गेली असती."

"एक गेला ना," ती म्हणाली.

"तो गावचा नव्हता."

"गाडी न्यायलेच आला होता तो, भाऊ. चोरी कराले आलेला मानूस नाव सांगून येते काय?"

नत्थूचे डोळे लाल होते, त्यालाही झोप नसावी. "प्रणय जेवून नाई राह्यला," तो म्हणाला. "कालपासून. माह्या पोराचा हात तुमच्या घरासाठी कधी मागं आला काय वयनी? एवढं सांग."

"नाई," ती म्हणाली. "कधीच नाई."

तो गेल्यावर अंकुश बोलला. "आई, एक वाक्य आहे. सांगून मोकळी हो."

"मोकळी होते काय त्यानं?"

"मले या गावात राहाचं आहे."

"मी कुठं चालली?"

"तू बोलली तं तुहंही नाव आरोपीत येते. समजते का? तू मारला ना!"

"मारला," कोकिळाबाई म्हणाली. "म्हणून तं मले झोप नाई."

पानी

तिसऱ्या दिवशीच्या दुपारी एक बाई गावात आली. एकटी. तिने एसटीच्या फाट्यापासून चालत येऊन पहिल्या घरापासून सुरुवात केली. सुलोचना, लखनची आई. तालुक्याला भाजीच्या दुकानात टोमॅटो निवडायला बसायची. तिने कोणाला शिवी दिली नाही. प्रत्येक दारात तिने एकच विचारलं.

"माह्या पोराले पानी पाजलं काय कोनी?"

पहिल्या घरी दार लोटलं. दुसऱ्या घरी बाई म्हणाली, आम्ही तं वावरात होतो. चौथ्या घरी कुत्रं भुंकलं, आणि माणसाने कुत्र्याला दटावलं, तिला नाही. कुठे कोणी खुर्ची दिली, तिथे ती बसली नाही. कुलपाच्या घरांपुढेही ती थांबली, कडी वाजवली, वाट पाहिली. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं.

घर सव्वीस.

कोकिळाबाई दारात उभी होती. मोहिनी मागे.

"बाई, माह्या पोराले पानी पाजलं काय कोनी?"

"नाई," कोकिळाबाई म्हणाली. "मांगतलं होतं त्यानं. मले मांगतलं. मी आनाले आली घरी. तवरिक नेला त्याले."

सुलोचनाने तिच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ. "मंजे बोलत होता."

"बोलत होता. मावशी म्हणला."

"बरं," सुलोचना म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं. "तेवढंच पाह्यजे होतं. तिकडे दवाखान्यात म्हणते, आनला तवा बोलत नव्हता. मंजे इथं बोलत होता." आणि मग, शेजारच्या घराकडे पाहून, "इथं इचारू का मग? का तुम्हीच होता तिथं?"

"इचारा," कोकिळाबाई म्हणाली. "सगळ्याइले इचारा."

ती पुढे गेली. सत्तावीस. अठ्ठावीस. शेवटच्या घरापर्यंत गेली. मोहिनी तांब्याभर पाणी घेऊन तिच्या मागे धावली तेव्हा तिने ते घेतलं, उभ्याने प्यायली आणि तांब्या उपडा करून परत दिला.

जबाब

जबाब घ्यायला ठाण्याच्या रुचिकामॅडम आल्या. वयाने अंकुशएवढ्या, टोपी टेबलावर काढून ठेवलेली. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्या आणि लिहिणारा हवालदार. बाहेर बाकावर गाव. दारात उभा राहून पुकारायला लहानू, त्याच रजिस्टरवरून, कारण घरांची दुसरी यादीच नव्हती. नत्थू खिडकीशी.

घर एक. आमच्या घरचा एक. काठीचा. हलका.

घर दोन. आमच्या घरचा एक. काठीचा. हलका.

घर पाच. कुलूप. मॅडमनी रेघ मारली.

घर नऊ. आमच्या घरचा एक. काठीचा. मॅडम, चहा सांगू का?

घर चौदा. एक, काठीचा, हलका. विचारण्याआधीच.

"लोखंडी काही पाहिलं का कोणाच्या हातात?"

नाही.

"शवविच्छेदनात सात जखमा गोल पाइपच्या आहेत. सातही एका ताकदीच्या, एका बाजूने. कोणाचे सात?"

आमच्या घरचा एकच, मॅडम. घरटी एक.

घर अठरा. कुलूप. रेघ.

घर चोवीस. आमच्या घरचा एक. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि डोळे चोळले. खिडकीबाहेर कोणीतरी हसलं, मग खोकल्याचं सोंग केलं.

"घर सव्वीस," लहानूने पुकारलं.

कोकिळाबाई आत आली. समोरच्या खुर्चीवर बसली.

"तुमच्या घरचा?" मॅडमनी विचारलं. आवाजात काही उरलं नव्हतं.

"आमच्या घरचा एक. काठीचा. मीच मारला. पोटरीवर."

"हलका?"

"हलका. पन मारला. लिहा." हवालदार लिहीपर्यंत ती थांबली. "आता कुलपाच्या घरांचं इचारा."

"तिथं कोणी राहत नाही ना?"

"म्हणूनच इचारा. नाई राहत तरी त्याइचे लागले. सात घरं आहेत, सात लागले."

खिडकीशी नत्थू म्हणाला, "वयनी." मोठ्याने नाही. ओसरीत चहा मागावा तसं.

मॅडमनी हवालदाराला थांबवलं नाही, फक्त खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे कसं? नीट सांगा."

कोकिळाबाईने नीट सांगितलं. नाल्यातली मडकी, रजिस्टर, घरटी एक. बंद घरांचे फटके एकाने अंगावर घ्यायचे ही पद्धत. "हे सगळं मी काढलं," ती म्हणाली. "मडक्यासाठी काढलं, पन मी काढलं. आधी ते लिहा. सभेत इचारलं तवा मी चालंल म्हणली, तेही लिहा."

"आणि त्या दिवशी ते सात कोणी मारले?"

तिने खिडकीकडे पाहिलं. नत्थू तिच्याकडे पाहत नव्हता, तो बाहेर मुलाला शोधत होता. प्रणय बाकाच्या टोकाला बसला होता, गुडघ्यांत मान घालून. चार दिवसांत त्याचा सदरा त्याला मोठा झाला होता. कोकिळाबाईला वाटलं की आपण आता उठलो, बाहेर गेलो, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तर तो रडेल आणि सगळं तिथेच संपेल. पण ते संपणार नव्हतं. सुलोचना पुन्हा कोणाच्या दारात येणार होती, नाहीतर तिच्यासारखी दुसरी.

"प्रणय," ती म्हणाली. "नत्थूभाऊचा. पाइपानं. शेवटचे तीन मी डोळ्यानं पाह्यले. आधीचे चार नाई पाह्यले, ते मी नाई सांगनार. अन् त्याच्या हातात रजिस्टर नव्हतं मॅडम. पुकारत दुसरे होते, उभे सगळे होते. त्याचं एकट्याचं नाव लिहून सोडू नका."

लहानूच्या हातातलं रजिस्टर खाली आलं.

"तुमचंही नाव त्यात राहील, काकू," मॅडम म्हणाल्या. "साक्षीदार म्हणून नाही. तुम्ही फटका मारलाय."

"राहू द्या. तेच सांगाले आली."

हवालदाराने वाचून दाखवलं. एका जागी त्याने 'काही जखमा' लिहिलं होतं, तिने 'सात' करायला लावलं. मग सही केली. सही तिला मंडळाच्या रात्रशाळेने शिकवली होती, ती अजूनही प्रत्येक अक्षर वेगळं काढायची, म्हणून वेळ लागला.

बाहेर बाकावरच्या माणसांनी पाय आखडून घेतले, तिला वाट दिली. प्रणयने मान वर केली आणि तिला पाहून पुन्हा खाली घातली. अंकुश कुंपणाजवळ गाडीवर बसला होता. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं, तरी त्याने विचारलं.

"सांगतलं?"

"सांगतलं."

तो गाडीच्या आरशाशी चाळा करत राहिला. "घाटे वाळले," शेवटी म्हणाला. "यंत्र तं आता येत नाई."

"हातानं झोडू."

"चार एकर?"

"चार एकर."

"मजूरही येनार नाई कोनी."

"नाई येनार."

अंकुशने गाडी स्टँडवरून काढली. वळवून तिच्यापुढे आणली आणि एक पाय जमिनीला टेकवून उभा राहिला, ती बसेपर्यंत.

ती बसत होती तेव्हा आतून लहानूने पुढचं घर पुकारलं. सत्तावीस. बाकावरून कोणी उठलं नाही. ज्याचं घर होतं तो माणूस आपल्या हातांकडे पाहत होता. त्याचं वाक्य त्याला पाठ होतं, सकाळपासून तो तेच पुटपुटत होता.

लहानूने दुसऱ्यांदा पुकारलं.